कुंकवाचे सात दाते

नोव्हाय, मिशिगन
२५ जानेवारी १९८७

प्रिय राजाराम,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट पोचलं. सुलेखाने चहा पिता पिता ते फोडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली, "प्रिय राजाराम, अनेक आशीर्वाद." मी म्हटलं, थांब गं, हे तर मी बोलते तसं वाटतंय. अरे शहाण्या, दिवाळीला मी तुला पाठवलेलं पत्रच तू नीट घडी घालून, नव्या पाकिटात भरून, वर परदेशची महाग तिकिटं लावून मला परत पाठवलंस. तुझं उत्तर कुठे आहे? सदऱ्याच्या खिशात असेल तर धुण्याआधी बघ. पत्र मात्र बरं होतं. माझंच असल्यामुळे मी मन लावून ऐकलं.

हे पत्रही सुलेखाच लिहिते आहे. सून झाली म्हणून काय, तिला ताकीद दिली आहे की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, तिच्याबद्दल बोलले तरी. ती म्हणाली, "आई, मग माझी बाजू मी कंसात लिहू का?" कंस म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, म्हणून परवानगी दिली नाही.

आधी बातमी सांगते. मी पैज जिंकले. पोटच्या पोराशी लावलेली, तीन महिने चाललेली पैज. जिंकले तर गावी जायचं, हरले तर तोंडातून गावाचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. उल्हास इंजिनियर आहे, मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली आहेत, त्याला वाटलं म्हातारी पहिल्याच महिन्यात गळेल. परवा त्याने स्वतः जाऊन तिकीट आणलं आणि देवापुढे ठेवलं. ठेवताना तोंड असं केलं होतं, जसं लहानपणी गोट्या हरून घरी यायचा. मला एवढी घाई कशाची झाली आहे, हे तो तीन महिने विचारतोय. मी सांगितलं नाही. तुला सांगणार आहे, पण शेवटी. तू पत्राचा शेवट आधी वाचतोस, ते करू नकोस.

पैज कशावरून लागली ते कळायला इथलं औषधाचं प्रकरण तुला समजावून सांगायला हवं. तू बत्तीस वर्षं चोपड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतास, पण तुझं सगळं सोपं. पेशंट घरून बाटली आणायचा, तू ती विसळून तांबडं औषध भरायचास, बाहेरून कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचास आणि खिडकीतून सांगायचास, सकाळी एका दात्याएवढं, संध्याकाळी एका दात्याएवढं. वाचता येवो न येवो, दाते सगळ्यांना कळायचे. इथे डॉक्टर औषध देतच नाही. तो कागद लिहितो. औषध देतो दुकानातला माणूस, आणि तो मोजून तीस गोळ्या देतो. एकतिसावी मागितली तर चोरी करायला आल्यासारखा बघेल. त्या संपत आल्या की नुसतं दुकानात जाऊन चालत नाही. डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करायचा. तिथली बाई आडनाव विचारणार, जन्मतारीख विचारणार, फाईल काढणार, डॉक्टरांना दाखवणार, ते मान हलवणार, मग ती दुकानात फोन करणार, आणि दोन दिवसांनी पुन्हा तीस. याला म्हणतात रिफिल. बाटली नारिंगी रंगाची, आरपार दिसणारी. तिचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये असं मुद्दाम केलेलं असतं. आमच्या घरात ते फक्त मीराला उघडता येतं. ती सात वर्षांची आहे.

आता माझा गुन्हा सांगते. मला ब्लडप्रेशरची गोळी रोज एक घ्यायची होती. मी घेत होते, पण उपवासाचे दिवस सोडून. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादशा. साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, शेंगदाणे चालतात, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. गोळी चालते असं कुणी ठरवलंय? तिच्यात काय काय घालतात देव जाणे. म्हणून त्या दिवसाची गोळी मी काढायची, पदराला बांधायची आणि मग पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. टाकून द्यायला जीव होईना. प्रेशर काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडत नाही, जास्त ताकदीची देऊ. दिली. ती पण सोमवारी डब्यात.

श्रावणात सुलेखाला बँकेतून नऊ दिवस रजा मिळाली. तिने मनावर घेतलं की सासूची सेवा करायची. रोज सकाळी गोळी माझ्या तळहातावर ठेवून, गिळेपर्यंत पुढ्यात उभी. सुनेपुढे नाही कसं म्हणणार? नऊ दिवस सलग ती ताकदीची गोळी पोटात गेली, त्यात दोन सोमवार निराहार. दुसऱ्या सोमवारी मी फ्रीज उघडायला गेले आणि फ्रीजऐवजी फरशी उघडली. मीराने आरडाओरडा केला, ॲम्ब्युलन्स आली, दोन धिप्पाड पोरांनी मला नवरीसारखं उचलून नेलं. दवाखान्यात डॉक्टर कोड्यात पडले. तोवर उल्हास औषधाच्या दुकानात गेला होता. तिथल्या माणसाने यंत्रात बघून सांगितलं, तुमच्या आईची तीस दिवसांची बाटली दर वेळी अडतीस दिवस पुरते. उल्हास घरी आला, देवघर शोधलं, कपाट शोधलं आणि पावडरचा डबा घेऊन माझ्या खाटेपाशी उभा राहिला. त्यात एकसष्ट गोळ्या निघाल्या. "आई, हे काय आहे?" मी म्हटलं, पुण्य.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळी परत जुन्या ताकदीची केली. ऑफिसातली जी फोन घेणारी बाई, कॅरल, ती पोलिश लोकांची आहे, गोरीपान, अंगाने माझ्याएवढीच रुंद. तिला उल्हासने खाली मान घालून उपवासाचं सांगितलं. ती म्हणाली, आमच्यातही ईस्टरच्या आधी चाळीस दिवस काही ना काही सोडतात, मी चॉकलेट सोडते, पण मी माझी गोळी सोडली तर देव मलाच ओरडेल. उल्हासने मला ते मराठीत सांगितलं. मी विचार केला. निर्जळी सोडली तर उपवासाला पाणी चालतं. गोळी चावायची नसते, पाण्याबरोबर जाते. तेव्हा ती पाण्यातच धरायची. भटजीला विचारलं नाही, माझं मीच ठरवलं, आणि त्या दिवसापासून एकही चुकवली नाही. पण घरात माझी पत गेली ती गेलीच. बाटली फ्रीजच्या वर, जिथे माझा हात पोचत नाही तिथे. रोज सकाळी उल्हास टाय बांधून झाला की मला एक गोळी द्यायचा, तीर्थ दिल्यासारखी, आणि तोंड उघडून दाखव म्हणायचा. ज्याच्या तोंडात मी घास घातले त्याला मी तोंड उघडून दाखवायचं.

दसऱ्याला सोनं देताना मी म्हटलं, मला गावी जायचंय. सोनं म्हणजे इथे आपट्याची पानं कुठली, मीराने रंगीत कागदाची कापलेली. उल्हास म्हणाला, "अजिबात नाही. तिथे तुझ्या गोळ्या कोण बघणार? मामा? तुला लेबल वाचता येत नाही, फोन लावता येत नाही, कधी संपतात कळत नाही." मी म्हटलं, वाचायला येत नाही म्हणून मोजायला येत नाही असं कुणी सांगितलं? शब्दाला शब्द वाढला. शेवटी ठरलं ते असं. लागोपाठ तीन रिफिल मी एकटीने करायच्या. कुणी आठवण करायची नाही, कुणी लेबल वाचून दाखवायचं नाही, कुणी माझ्या वतीने फोन करायचा नाही. मला गाडी येत नाही, म्हणून दुकानातून पुडकं तेवढं उल्हासने आणायचं, पण न उघडता माझ्या हातात द्यायचं. एक दिवस जरी गोळी चुकली किंवा मी कुणाला काही वाचून मागितलं, तर पैज गेली. सुलेखा साक्षीदार. ती दोन्ही बाजूंनी फितूर होती, पण ते तिला लिहायला लावत नाही.

मी काय केलं असेल, सांग बघू? तुझ्या दवाखान्याची पट्टी केली. किराणा मालाच्या खाकी पिशवीचा कागद घेतला, कात्रीने तीस दाते कापले आणि पट्टी फ्रीजच्या दारावर चिकटवली. रोज गोळी गिळली की एक दाता फाडायचा. शेवटच्या सात दात्यांना कुंकू लावलं. कुंकवाला हात लागला की फोन करायचा. उल्हास म्हणाला, दोन दिवस आधी कळवलं तरी पुरतं, सात कशाला? मी म्हटलं, तुझ्या इथे चार बोटं बर्फ पडलं की गाव बंद होतं, म्हणून सात. चार दिवसांनी तो कारखान्यातून आला तो पट्टीपुढे उभाच. म्हणाला, आमच्याकडे जपान्यांची रीत शिकवायला मोठमोठे लोक येतात, शेवटच्या खोक्यावर लाल कार्ड लावायचं आणि तिथवर आलं की नवा माल मागवायचा. मी म्हटलं, त्या जपान्यांना चोपड्याच्या दवाखान्यात कधी बघितल्याचं आठवत नाही.

फोनचं सांगायचं तर इथल्या फोनला चकती नसते, बटणं असतात. बटणांवर आकडे असतील ते असोत. मला दिसले तीन आडवे आणि चार उभे ठिपके. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण आकडे बघतो का? मीराकडून एकदा नंबर दाबून घेतला, तिचं बोट कुठून कुठे जातं ते बघितलं, आणि पाटावर रांगोळीने दहा वेळा काढलं. डॉक्टरांचा नंबर म्हणजे वरच्या कोपऱ्यातून निघून अर्धं कमळ, आणि शेवटी देठाशी दोन टिंबं. आता डोळे मिटून काढते. पहिल्या दिवशी मात्र एक पाकळी चुकली आणि कुणी पिझ्झावाला निघाला. त्याला मी सगळं पाठ केलेलं ऐकवलं, "गुड मॉर्निंग, धिस इज मिसेस पाटील, रिफिल प्लीज." तो बिचारा विचारत राहिला, वर काय काय घालू.

पहिली रिफिल अशी नोव्हेंबरात झाली. कॅरलला आडनाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, एक जून एकोणीसशे अठरा. तुला ठाऊकच आहे, आईच्या सांगण्यावरून एन्फ्लुएंझाच्या साथीत मी अंगावर पीत होते, म्हणून साल तेवढं खरं. एक जून पासपोर्टाच्या एजंटाने घातली. तुझी एक जून मास्तरांनी घातली. आपल्या अख्ख्या आळीचा जन्म एक जूनला झाला आहे. तेव्हा हसण्यासारखं वाटलं, पुढे त्यानेच घोळ घातला. पहिल्या बाटलीत गोळ्यांचा रंग बदललेला निघाला, पिवळ्याच्या पांढऱ्या. झाकणावर दुकानवाल्याने एक हिरवा कागद चिकटवला होता. मी कॅरलला फोन केला. ती म्हणाली, औषध तेच, कंपनी दुसरी, हिरवा कागद तेच सांगायला लावतात. बरं म्हटलं. म्हणजे रंगावर विसंबून चालत नाही, एवढं शिकले.

दुसरी रिफिल डिसेंबरात. कुंकवाला हात लागला त्या दिवशी फोन केला, आणि शनिवारी संध्याकाळी उल्हासने पुडकं आणून दिलं, शर्टावरचं बर्फ झटकत, मुद्दाम दुसरीकडे बघत. मीराने झाकण उघडलं. गोळ्या गुलाबी. आता तू म्हणशील, पुन्हा कंपनी बदलली असेल. मलाही तसंच वाटलं, पण झाकणावर हिरवा कागद नव्हता. आणि बाटली हलवली तर वाजेना. माझी बाटली खुळखुळते, ही गच्च भरलेली. ताटात ओतून दहा-दहाचे ढीग केले. सहा ढीग झाले. तीस गोळ्या देताना जीव जातो त्या माणसाने मला साठ का द्याव्यात? उल्हास समोर सोफ्यावर बसून पेपर वाचत होता. बाटली त्याच्यापुढे धरली असती तर एका नजरेत त्याने सांगितलं असतं, आणि माझं गावी जाणं तिथेच संपलं असतं. त्याला ते कळत होतं. पेपरचं पान त्याने अर्धा तास उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, ऑफिस बंद. पट्टीवर अजून तीन कुंकवाचे दाते होते आणि जुन्या बाटलीत तीन गोळ्या. सात दाते कशाला, तर यासाठी. रविवारी जुन्यातली घेतली. सोमवारी उपास, तरी पाण्याबरोबर जुन्यातलीच घेतली, आणि नऊच्या ठोक्याला अर्धं कमळ काढलं. कॅरल म्हणाली, हनी, औषध तेच, रंग वेगळा, मागे सांगितलं ना. मी म्हटलं, नो. मी म्हटलं, "आय टेक वन. बॉटल टेन, टेन, टेन, टेन, टेन, टेन." ती मोजत होती, मला ऐकू येत होतं. मग कागदांची सळसळ झाली. तिने विचारलं, मिसेस पाटील, तुमची शुगर आता कशी आहे? मी म्हटलं, "नो शुगर. आय ईट शुगर." मग ती हळू म्हणाली, "आर यू मालिनी?"

मी मालिनी नव्हे. मालिनीबाई पाटील म्हणजे राजीवची आई, इथून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मॅट्रिक झालेल्या आहेत, आणि हे त्या नमस्काराला वाकता वाकता सांगतात. त्यांचंही आडनाव पाटील, डॉक्टर तेच, दुकान तेच, आणि जन्म? एक जून एकोणीसशे अठरा. त्यांच्या मास्तरांनीही तीच घातली. कॅरलने माझ्या फोनवर त्यांची फाईल काढली होती. त्या गुलाबी गोळ्या साखर उतरवायच्या. सोमवारी उपाशीपोटी त्या घेतल्या असत्या, तर या खेपेला नवरीसारखी उचलणाऱ्यांना काही कामच उरलं नसतं, असं नंतर डॉक्टर स्वतः म्हणाले. आणि तिकडे? राजीवने मालिनीबाईंच्या गोळ्यांसाठी फोन केला तर कॅरलने वहीत बघून सांगितलं, तुमचं कालच झालंय. दुकानात गेला तर तिथला माणूस म्हणाला, पाटील घेऊन गेले. बाई दोन दिवस बिनगोळीच्या, रिकामी बाटली हातात धरून, आणि घरात तीन माणसं तिच्यावरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचत बसलेली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती म्हणे. कॅरलने तिथल्या तिथे राजीवला फोन केला, तो ऑफिस सोडून आमच्याकडे आला, बूट न काढता स्वयंपाकघरात शिरला, आणि ते सहा ढीग मी माझ्या हाताने त्याच्या हवाली केले.

उल्हास संध्याकाळी सगळं ऐकून म्हणाला, "आई, बाटलीवर मोठ्या अक्षरांत मालिनी लिहिलं होतं. वाचता येत असतं तर शनिवारीच कळलं असतं." ते खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तूच सांग, तो शनिवारी अर्धा तास पेपर धरून काय वाचत होता? जेवताना त्याने कबूल केलं की झाकण उघडलं तेव्हाच गुलाबी रंग त्याने पाहिला होता, आणि मी सोमवारी ती गोळी तोंडाजवळ नेली असती तर तो पैज मोडून ओरडणार होता. म्हणून सोमवारी ऑफिसला उशिरा गेला, आणि मला वाटलं गाडी गोठली.

कॅरलने मग सगळी फाईलींची कपाटं उपसली. त्या एका ऑफिसात एक जूनला जन्मलेली आपली अकरा माणसं निघाली. तिने उल्हासला विचारलं, तुमच्याकडे सप्टेंबरात असं काय असतं? त्याने लाजून विषय बदलला. आता त्या अकराही फाईलींवर लाल चांदणी आहे, आणि फोन आला की ती पहिलं नाव विचारते, मग नवऱ्याचं नाव विचारते, मग मुलाचं. मालिनीबाई कुरकुरल्या की शंकररावांचं नाव घेताना दर महिन्याला उखाणा घ्यायचा का. मी घेते. कॅरलला आवडतो.

तिसरी रिफिल सांगण्यासारखी झालीच नाही. वर्षअखेरची सुट्टी आली, वर बर्फ पडलं, ऑफिस चार दिवस बंद राहिलं, माझे कुंकवाचे दाते पुरून उरले. पांढऱ्या गोळ्या, तीस, खुळखुळणाऱ्या. शेवटचा दाता फाडला त्या दिवशी सुलेखाने शिरा केला, आणि तो बरा झाला होता. हे लिही गं, पुसू नकोस. डॉक्टरांकडे उल्हास मला घेऊन गेला आणि म्हणाला, माझी आई भारतात जाते आहे, तिला सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्या मी कुणाला एकदम देत नाही, पण या बाईंना देतो, आणि विमानतळावर दाखवायला सही करून चिठ्ठीही लिहून दिली. त्या चिठ्ठीत काय आहे ते मी कुणाला विचारलं नाही. सही मात्र फार गिचमिड आहे, आपल्या डॉक्टरांसारखीच. परवा हळदीकुंकवाला शाळेच्या हॉलमध्ये चाळीस बायका होत्या. तिळगूळ राहिला बाजूला, मालिनीबाईंनी उभं राहून सगळी हकीकत सांगितली, मॅट्रिकचं एकदाही न सांगता. मी तिथेच बसून नऊ जणींना पट्ट्या कापून दिल्या. कुंकू होतंच समोर.

आता शेवट. पोळ्यानंतर तुझं एक पत्र आलं होतं. सुलेखाने वाचलं, प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. मला वाचता येत नाही, पण उल्हास, माझा वाचून दाखवणारा, मुंबईला शिकायला गेला तेव्हापासून तुझी पत्रं मी हातात घेऊन बघते आहे. तुझी ओळ दोरी लावून पेरल्यासारखी असते. त्या पत्रात ओळी खाली उतरत गेल्या होत्या आणि अक्षरं सगळी उलट्या अंगाला कललेली. त्याआधी उन्हाळ्यात तू लिहिलं होतंस की आता बरं वाटतं म्हणून प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. राजाराम, तू डाव्या हाताने लिहितो आहेस. झटका कधी आला, उजव्या हातात किती बळ उरलंय, पाय धड आहे की तोही ओढतोस, हे तू लिहिणार नाहीस, म्हणून मी बघायला येते आहे. उल्हासला सांगितलं असतं तर त्याने तिकडे मोठा डॉक्टर लावून दिला असता आणि मला इथेच बसवलं असतं. सुलेखाला हे आत्ताच कळतंय, तिचा हात थांबलाय. लिही गं. चार मार्चला मी निघते, सहाला सकाळी जळगावला उतरते. साऱ्या तालुक्याला औषध पाजलंस, आता रोज सकाळी माझ्यासमोर उभं राहून गोळी गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. स्टेशनवर तू यायचं नाहीस, शेजारच्या श्रीरामला जीप घेऊन पाठव. त्याच्याबरोबर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी दे, दोन वर्षांत तोंडाला चव नाही. भरीत ठेचायला त्याच्या बायकोला, शीलाला बसव, तू बसू नकोस. मीठ तेवढं तू घाल, डाव्या हाताने, आणि बेताचं घाल.

तुझीच,
आक्का